सी किंगचं मॉडेल: नौदलाचं हेलिकॉप्टर पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

विमानांची दोन-चार मॉडेलं हातून झाली की माणूस हेलिकॉप्टरकडे वळतो आणि खोकं उघडून म्हणतो, यात काय, पंखसुद्धा नाहीत. खरी मेहनत काचांची आणि पात्यांची असते हे त्याला नंतर कळतं. जिथे विमानवाले अडकतात तिथे मी या लेखात जास्त वेळ थांबलो आहे. बाकीचं भराभर उरकलं आहे.

उदाहरण म्हणून भारतीय नौदलाचं सी किंग घेतो. ब्रिटनच्या वेस्टलँड कंपनीने अमेरिकन सिकोर्स्कीच्या आराखड्यावरून बांधलेलं हे यंत्र. आपल्या नौदलात ते १९७१ साली ३३० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून आलं आणि विक्रांत, विराट या दोन्ही विमानवाहू जहाजांवरून उडलं. नौदल दिनाला गेटवेसमोर ज्यांनी हे धूड पाण्यावर घोंघावताना पाहिलं आहे त्यांना वेगळं कारण सांगायला नको.

१. आधी यंत्र ठरवा, मग किट घ्या

नवखे लोक उलटं करतात. दुकानात जे सी किंग मिळालं ते उचलतात आणि घरी येऊन त्यावर भारतीय डेकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा, लावतात. मग कोणीतरी जाणकार येऊन खिडक्या मोजतो.

सी किंगचे प्रकार बाहेरून ओळखू येतात. आपल्याकडचं मार्क ४२बी हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं, पाणबुड्या शोधणारं आणि सी ईगल क्षेपणास्त्र वाहणारं यंत्र. त्याच्या पाठीवर, रोटरच्या (फिरणाऱ्या पात्यांच्या) मागे, रडारचा मोठा घुमट असतो. दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या होडीसारख्या तरंड्या असतात आणि मुख्य चाकं त्यांच्या पोटात जातात. मार्क ४२सी हे माणसं आणि सामान नेणारं. त्याला तरंड्या नाहीत, पाठीवर घुमट नाही आणि रडार नाकावर आहे.

किटच्या खोक्यावर ब्रिटिश नावं असतात. ४२बी करायचं असेल तर ‘एचएएस ५’ सगळ्यात जवळचं. ४२सी साठी ‘एचसी ४’ घ्या, नाकावरचा डोम मात्र घरी घडवावा लागेल. बाजारात बऱ्याचदा समोर येतं ते ‘एचएआर ३’ किंवा जर्मन नौदलाचं ‘मार्क ४१’. ही दोन्ही बचावकार्याची यंत्रं. त्यांची केबिन मागे वाढवलेली आहे आणि खिडक्या जास्त आहेत. त्यावरून ४२बी होतं, पण खिडक्या बुजवायची तयारी हवी. पहिल्याच मॉडेलला हा उद्योग करू नका. त्यापेक्षा ते जर्मन म्हणूनच बांधा, छान दिसतं.

एका विशिष्ट क्रमांकाच्या यंत्राचे, शक्यतो एकाच वर्षाचे, निदान तीन बाजूंचे फोटो जमवा आणि छापून भिंतीला लावा. आपल्या सी किंगवर ‘आयएन’ या अक्षरांपुढे पाचने सुरू होणारा तीन आकडी क्रमांक असतो, त्यामुळे शोधणं सोपं जातं. अँटेना, इंजिनासमोरची आडवी पाटी, बाजूचे फुगवटे या गोष्टी वर्षागणिक बदलतात. तिथे किटचा कागद प्रमाण धरू नका, फोटो धरा.

एक इशारा. मुंबईची सी किंग कुलाब्याच्या आयएनएस शिक्रावर असतात म्हणून तिथल्या भिंतीबाहेर लेन्स लावून उभे राहू नका. लष्करी ठिकाणाचे फोटो काढायला बंदी आहे. जवळून पाहायचंच असेल तर गोव्यात बोगमाळोच्या वाटेवरचं नौदलाचं विमान संग्रहालय गाठा. तिथे चेतक आणि कामोव्ह-२५ ही हेलिकॉप्टरं आहेत. यंत्र वेगळं असलं तरी नौदलाच्या हेलिकॉप्टरचा रंग कसा विटतो, रिबिटांच्या ओळी किती पुसट दिसतात, टायर कसे बसतात हे हातभर अंतरावरून कळतं.

२. माप

खऱ्या सी किंगचं धड सुमारे १७ मीटर आणि मुख्य रोटरचा व्यास १८.९ मीटर. म्हणजे १:७२ मध्ये, खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतक्या मापात, धड साडेतेवीस सेंटीमीटर आणि रोटर सव्वासव्वीस. १:४८ मध्ये रोटर जवळजवळ चाळीस सेंटीमीटरचा होतो. कपाटाचा कप्पा आधी मोजा. पहिल्यासाठी माझं मत १:७२.

किट जुन्या साच्याचं असेल तर पॅनलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) रेघा उठावाच्या असतात आणि घासताना पुसल्या जातात. विकत घेताना दोन गोष्टी तपासा: काचेच्या भागांना तडे नाहीत ना, आणि डेकल्सचा कागद पिवळा पडलेला नाही ना. परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्युटी धरूनच किंमत काढा. रंग तर मागवूच नका, ज्वलनशील म्हणून ते विमानाने येत नाहीत आणि पार्सल मध्येच अडकतं.

३. काय काय लागेल

– साइड कटर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला चालतो, पण तो तारांसाठी वापरलेला नको.
– सर्जिकल ब्लेड ११ नंबर आणि त्याचं ३ नंबरचं हँडल. सर्जिकल सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतं आणि हॉबीच्या सुरीपेक्षा धारदार असतं.
– पाण्यात घासायचा पॉलिश पेपर: ४००, ८००, १२००.
– प्लॅस्टिकचं पातळ सिमेंट (भाग चिकटवायचा द्राव), ब्रशवालं.
– फेविकॉल, फक्त काचांसाठी.
– फेविक्विक, अगदी शेवटी आणि थेंबभर.
– मॉडेलची पुट्टी. एम-सील यासाठी जाड पडतं.
– मॉडेलचा मास्किंग टेप. हार्डवेअरचा टेप काढताना डिंक मागे ठेवतो.
– ॲक्रिलिक रंग, त्याच कंपनीचं थिनर, चकचकीत आणि मॅट वार्निश.
– कॅमलिनचे तैलरंग, काळा आणि बर्न्ट अंबर. सोबत टर्पेंटाइन.
– धूळ आणि वाफेसाठी मास्क. हा ऐच्छिक नाही.

हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘थिनर’ मागितलंत तर एनसी थिनर हातात येईल. ते प्लॅस्टिक विरघळवतं. नखांचं रिमूव्हरही तेच करतं. ही दोन्ही टेबलापासून लांब ठेवा.

४. धुणं आणि कापणं

सगळ्या फ्रेम (भाग ज्यांना जोडून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी) भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन वाळवा, साच्याचं तेल निघून जातं. भाग ओरबाडून काढू नका. फ्रेमपासून जरा लांबून कटरने तोडा, उरलेला बुंधा ब्लेडने काढा, मग घासा. काचेचे भाग मात्र आत्ता तोडू नका, पाकिटातच राहू द्या.

५. आतला भाग

इथे लोक हौसेने महिना घालवतात. दरवाजा बंद ठेवणार असाल तर केबिनमधलं सोनारचं (पाण्याखाली पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचं) टेबल, त्यामागच्या खुर्च्या यांतलं काहीही नंतर दिसत नाही. दिसतो तो कॉकपिट, कारण सी किंगचा पुढचा भाग जवळजवळ सगळा काचेचा. त्यामुळे खुर्च्यांचे पट्टे, उपकरणांचा पट्टा आणि छतावरची बटणांची पट्टी यांवर वेळ खर्च करा. अगदी काळा रंग न देता गडद राखाडी द्या. शुद्ध काळा काचेमागे भोक पडल्यासारखा दिसतो.

मोठा सरकता दरवाजा उजव्या बाजूला मागे असतो आणि त्याच्यावर विंच, म्हणजे दोर वर ओढणारं यंत्र. पुढचा छोटा दरवाजा डावीकडे. मोठा दरवाजा उघडा ठेवायचा तर केबिन करावीच लागेल.

वजनाची भानगड इथे नाही. चेतकला नाकाखाली चाक असतं म्हणून नाकात शिसं किंवा छर्रे भरावे लागतात, नाही तर ते शेपटीवर बसतं. सी किंगचं तिसरं चाक शेपटीखाली आहे, ते आपसूक नीट उभं राहतं.

६. धडाचे दोन अर्धे

सिमेंट न लावता आधी दोन्ही अर्धे जोडून टेपने बांधा आणि उजेडासमोर धरा. फट कुठे आहे ते दिसेल. मग टप्प्याटप्प्याने चिकटवा: आधी शेपटी, ते वाळलं की पाठ, शेवटी पोट. पोटाकडे विशेष लक्ष द्या. सी किंगचं बूड होडीसारखं आहे आणि मधली कड हा जोडाचा भाग नसून खऱ्या यंत्राचीच कड आहे. सांधा साफ करण्याच्या नादात ती घासून गोल करू नका. पाठीवरचा सांधा मात्र पूर्ण नाहीसा व्हायला हवा.

पुट्टी एका रात्रीत वाळली असं वाटतं, पण ती नंतर आक्रसते. दोन दिवस थांबून घासलीत तर रंगाखाली खाच उमटणार नाही.

७. काचा: सगळ्यात जास्त मॉडेलं इथे बिघडतात

तीन धोके आहेत. पहिला फेविक्विकचा. त्याची वाफ काचेवर पांढुरकी साय धरते आणि ती आतल्या बाजूने असेल तर पुसताही येत नाही. म्हणून काचा फेविकॉलनेच लावा. काडीच्या टोकाने कडेला बारीक रेघ ओढा, काच ठेवा, बाहेर आलेला फेविकॉल ओल्या कापसाच्या काडीने टिपा. वाळल्यावर तो पारदर्शक होतो. केबिनच्या छोट्या गोल-चौकोनी खिडक्या हरवल्या किंवा बसेनात तर फेविकॉलचाच पडदा ओढून खिडकी भरता येते. टूथपिकवर भरपूर घ्या, कडेने फिरवत मध्ये आणा आणि हात न लावता रात्रभर ठेवा.

दुसरा धोका तड्यांचा. काचेचं प्लॅस्टिक बाकीच्यापेक्षा ठिसूळ असतं. ते दाबून बसवू नका, बसत नसेल तर धडाची कड घासा.

तिसरा मास्किंगचा, म्हणजे रंगवताना काच टेपने झाकण्याचा. सी किंगच्या पुढच्या काचेवर इतक्या चौकटी आहेत की एका बैठकीत उरकायला गेलात तर शेवटच्या चार वाकड्या येणार. टेपचा तुकडा काचेवर ठेवा, टूथपिकच्या गोल टोकाने चौकटीच्या खाचेत दाबा. खाचेवर टेपचा रंग बदलून गडद रेघ दिसते, त्या रेघेवरून नव्या ब्लेडने एकदाच हलका काप द्या. दोनदा कापलंत तर काचेवर ओरखडा राहतो. ब्लेड दर पाच-सहा चौकटींनंतर बदला. तयार मास्कचा (आधीच कापलेल्या टेपच्या तुकड्यांचा) संच मिळत असेल तर पैसे द्या आणि मोकळे व्हा, याबाबतीत मी अजिबात कर्मठ नाही.

मास्क लावून झाले की वरून पहिला थर आतल्या रंगाचा मारा. बाहेरचा राखाडी त्यानंतर. चौकटी आतून पाहिल्या की कॉकपिटच्याच रंगाच्या दिसतात आणि हे न केलेलं मॉडेल लगेच ओळखू येतं.

८. रंग

प्रायमर आधी. गाड्यांच्या टच-अपचा स्प्रे वापरायचा असेल तर रिकाम्या फ्रेमच्या तुकड्यावर मारून पाहा, काही स्प्रे प्लॅस्टिक खातात. प्रायमरच्या एकसारख्या राखाडीवर सांध्यातल्या सगळ्या चुका वर येतात. लाज न बाळगता परत पुट्टी, परत घासणं.

राखाडी कोणता? एकच उत्तर देणारा माणूस भेटला तर सावध राहा. वेगवेगळ्या काळात छटा बदलल्या, आणि समुद्रावरच्या उन्हात महिने काढलेलं यंत्र कारखान्यातून आल्यासारखं दिसत नाही. ब्रिटिश डार्क सी ग्रे म्हणजे हम्ब्रोल कंपनीचा १६४ किंवा तामिया कंपनीचा एक्सएफ-५४, आणि मीडियम सी ग्रे म्हणजे हम्ब्रोल १६५. या दोन टोकांच्या मध्ये मिसळत आपल्या फोटोजवळ या. फोटो ढगाळ दिवसाचा निवडा, संध्याकाळच्या उन्हात राखाडी तपकिरी वाटतो. जुळलेल्या रंगात थोडा पांढरा घाला. लहान मॉडेलवर खरा रंग जरुरीपेक्षा गडद भासतो.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) असेल तर ०.३ मिलिमीटरची सुई आणि १५ ते २० पीएसआय दाब पुरतो. तामियाचा रंग निम्म्याला निम्मं थिनर घालून चालतो. व्हॅलेजो कंपनीच्या रंगात अल्कोहोल ओतू नका, त्याच्या गुठळ्या होतात. एअरब्रश नसेल म्हणून थांबू नका. रुंद मऊ ब्रश, पातळ रंग, तीन-चार थर, प्रत्येक थर आधीच्याला आडवा, मध्ये पुरेसा वेळ. एकरंगी राखाडी यंत्र ब्रशने उत्तम होतं.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर वार्निश मारू नका. हवेतला ओलावा थरात अडकतो आणि राखाडीवर दुधी धुकं पसरतं. पावसाळ्यात बांधकाम करा, घासणं करा, मास्क कापा. फवारणीला कोरडा दिवस मिळाला तर दुपारची वेळ साधा. गॅलरीत रंगवणाऱ्यांनी कबुतरांची पिसं आणि शेजारच्यांचे कपडे दोन्ही बघून घ्यावे.

९. डेकल्स

मॅट रंगावर डेकल लावलं की खाली हवा राहते आणि चंदेरी चकाकी येते. म्हणून आधी चकचकीत वार्निश, मग डेकल, मग परत चकचकीत. मॅट सगळ्यात शेवटी.

भारतीय खुणा किटसोबत क्वचितच येतात. वेगळ्या छापलेल्या डेकल्स शोधा, नाही तर डेकल पेपरवर घरी छापा. पण घरचा प्रिंटर पांढरा छापत नाही. पारदर्शक कागदावर छापलेल्या तिरंगी गोलाचं पांढरं कडं राखाडीच राहतं. त्यासाठी पांढरा डेकल पेपर घ्या आणि गोल कडेवरून अचूक कापा. इंकजेटवर छापलं असेल तर पाण्यात टाकण्याआधी वार्निशचे दोन-तीन हलके थर द्या, शाई विरघळते.

गोल रंगवताना एक गल्लत फार होते. बरोबर क्रम असा: केशरी बाहेर, हिरवा मध्ये. झेंड्याच्या क्रमाची सवय असल्याने हात उलटा चालतो. शेपटीकडे ‘नौसेना’ कोणत्या बाजूला आणि रोमन अक्षरं कोणत्या बाजूला, हे फोटोवरूनच ठरवा.

१०. रोटर

मुख्य रोटरला पाच पाती, शेपटीच्या रोटरला वेस्टलँडच्या नंतरच्या यंत्रांवर सहा. शेपटीचा रोटर डावीकडे बसतो आणि आडवा छोटा पंख उजवीकडे.

किटमधली पाती पट्टीसारखी सरळ असतात. थांबलेल्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकतात, सी किंगची तर चांगलीच. सरळ पाती लावलेलं मॉडेल खेळणं वाटतं. पाणी उकळून गॅसवरून उतरवा, पातं चिमट्याने धरून काही सेकंद बुडवा आणि मोठ्या बरणीच्या बाहेरच्या वळणावर हलकेच दाबून थंड होऊ द्या. वाक मुळापासून सुरू व्हावा आणि टोक सगळ्यात खाली यावं. पाचही पाती एकावर एक ठेवून बघा, वाक सारखा आला पाहिजे.

दिशा. सी किंगचा रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. पात्याची जाड, गोलसर कड फिरण्याच्या दिशेला आणि पातळ कड मागे. नाकाच्या दिशेने असलेल्या पात्याची जाड कड वैमानिकाच्या डाव्या हाताला आली की समजा बरोबर आहे. पाती उलटी लावलेली मॉडेलं मी प्रदर्शनांत बक्षिसासह पाहिली आहेत.

कागदावर वर्तुळ काढून ७२ अंशांवर पाच रेघा मारा, मध्ये टाचणीने रोटरचा गड्डा बसवा आणि पाती रेघांवर जुळवून चिकटवा. सिमेंट वाळेपर्यंत पात्यांच्या टोकांखाली सारख्या जाडीच्या पुठ्ठ्याचे तुकडे ठेवा. पाती गडद राखाडी किंवा काळी असतात. गड्ड्यावर तेलाचे डाग हवेत, कारण खऱ्या यंत्रात तो भाग कायम ओशट असतो.

जहाजावरचं दृश्य करायचं असेल तर पाती मागे दुमडून ठेवता येतात, शेपटीही दुमडते. पण सांधे कापून नव्याने करावे लागतात. ते दुसऱ्या सी किंगसाठी ठेवा.

११. मळवणं

नौदलाचं यंत्र रणगाड्यासारखं चिखलाने माखलेलं नसतं. खारं पाणी गंज आणतं म्हणून उड्डाणानंतर ते गोड्या पाण्याने धुतात. त्याचा मळ तीन जागी असतो. दोन्ही इंजिनांच्या धुराड्यांमागे काजळीचा पट्टा मागे जात फिका होत जातो. रोटरच्या गड्ड्याखाली तेल ओघळतं. आणि डागडुजी केलेल्या पॅनलवर नव्या राखाडीचे चौकोन आजूबाजूच्या विटक्या रंगात उठून दिसतात. हे चौकोन दोन-तीनच करा, मूळ रंगात पांढऱ्याचा थेंब कमी-जास्त करून.

पॅनलच्या रेघांसाठी कॅमलिनचा काळा आणि बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करा, रेघेवर ब्रश टेकवा, तो आपोआप धावतो. अर्ध्या तासाने हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे, पुसा. खाली ॲक्रिलिकचं वार्निश असेल तरच हे करा. इनॅमलवर टर्पेंटाइन लावलंत तर रंगच निघून येईल. काजळीसाठी काळी सॉफ्ट पेस्टल कांडी पॉलिश पेपरवर घासून केलेली पूड कोरड्या ब्रशने लावा.

१२. शेवटचे भाग

चाकं, अँटेना, विंच, वायपर, शेपटीचा रोटर हे सगळं मॅट वार्निशनंतर. आधी लावलेली प्रत्येक काडी मास्क काढताना तुटते. टायरचा जमिनीला टेकणारा भाग पॉलिश पेपरवर किंचित सपाट करा, वजन दिसतं. धडालगतच्या लांब अँटेनाची तार रिकाम्या फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर गरम करून ओढली की निघते.

मुख्य रोटर चिकटवू नका, नुसता दांड्यावर ठेवा. धूळ पुसताना, घर बदलताना किंवा प्रदर्शनाला लोकलने नेताना तो उचलून वेगळ्या डब्यात ठेवता येतो आणि धडासाठी लहान पेटी पुरते.